डाळिंबाच्या रसाचा बोर्ड

माझे रोजचे तीन नेम आहेत. उठल्यापासून प्रार्थना आटोपेपर्यंत मौन, दिवसाला एकच जेवण, आणि कुणाची निंदा करायची नाही. पहिले दोन वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेत. तिसरा मी एका मंगळवारी भर दुकानात मोडला आणि खरं सांगते, त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

आमचे हे पेंटर. दुकानांचे बोर्ड हाताने रंगवतात. आता जो तो छापील फ्लेक्स लावतो, तरी काही गिऱ्हाईकं अजून यांनाच बोलावतात, कारण यांचं अक्षर रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं. चाळीस वर्षांच्या धंद्यात यांनी एक शिस्त कधी मोडली नाही. गिऱ्हाईकाने कागदावर जे लिहून दिलं, ते जसंच्या तसं बोर्डावर उतरवायचं. फार तर एखादी वेलांटी सुधारायची. 'केसगळती आठ दिवसांत बंद' हा बोर्ड यांनी रंगवला तेव्हा यांच्या स्वतःच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता. मला हसू आवरेना, तर म्हणाले, "मजकूर गिऱ्हाईकाचा, अक्षर आपलं. अगं, मी खरं-खोटं करत बसलो तर ब्रश वाळून जायचा."

तीन महिन्यांपूर्वी कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याने बोर्ड सांगितला. लाल रंगावर पांढरं अक्षर. 'रोज डाळिंबाचा रस प्या. रक्तदाब उतरतो. हृदय तरुण राहतं. किडनी साफ होते.' यांनी त्यावर चार दिवस घालवले. एकेक अक्षर खडूने आखलं, मग रंगाचे तीन-तीन हात दिले. मला वाटतं घोटाळा तिथेच झाला. जन्मभर दुसऱ्याच्या मजकुराकडे नुसत्या आकड्या-वळणांसारखं बघणारा माणूस हा मजकूर मात्र वाचत बसला. कारण तो यांच्याच दुखण्याबद्दल होता. रक्तदाब जुना, आणि वर्षभरापासून किडन्या निम्म्यानेच काम करत होत्या.

ज्यूसवाला बोर्डावर खूश. म्हणाला, "पेंटरकाका, हा बोर्ड इथे लटकतोय तोवर सकाळ-संध्याकाळ एक मोठा ग्लास माझ्याकडून. तुमच्या किडनीची काळजी आता माझ्याकडे."

झालं. हे रोज सकाळी माझ्या मौनाच्या वेळी बाहेर पडायचे आणि लाल मिशी घेऊन परत यायचे. मी बोटाने ओठ दाखवायची, हे पुसायचे. मौन सुटल्यावर विचारलं तर म्हणायचे, "फळाचा रस पितोय, दारू नाही." मलाही बरंच वाटायचं, हे कबूल करते. फळ कधी कुणाचं वाईट करेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग यांचे पाय गळाल्यासारखे झाले. शिडीच्या दोन पायऱ्या चढायचे आणि थांबायचे. "छातीत काहीतरी अडखळतंय," असं एका दुपारी म्हणाले आणि खालीच बसले. रक्त तपासलं, आणि दोन दिवस दवाखान्यात छातीला तारा लावून ठेवलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "खाण्यात काय काय असतं?" यांनी सगळं सांगितलं, अगदी चहात साखर किती तेही. रसाचा उच्चार नाही.

मी म्हटलं, "रोज दोन मोठे ग्लास डाळिंबाचा रस असतो, बाई."

हे माझ्याकडे बघत म्हणाले, "त्यांनी खाण्याचं विचारलं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "रस वाईट नाही," त्या म्हणाल्या. "धडधाकट माणसाने लहान ग्लास घेतला तर चांगलाच. रक्तदाब थोडासा उतरतो असंही काही ठिकाणी दिसून आलंय. पण थोडासा. गोळीची जागा तो घेत नाही. आणि त्यात पोटॅशियम असतं. चांगली किडनी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते, यांची टाकू शकत नाही. वर यांची रक्तदाबाची गोळी तेच शरीरात धरून ठेवते. ते साठत गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात. अजून आठवडाभर असंच चाललं असतं तर..." त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मधुमेहवाल्यांनीही साखरेमुळे जपून घ्यावा, आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तर विचारून. यांना मात्र एक थेंबही नको."

इतकं स्वच्छ सांगितलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आमचे हे चपला घालताना दिसले.

"कुठे?"

"पाय मोकळे करून येतो."

"कोपऱ्यापर्यंतच ना?"

"अगं, सकाळचा एकच घेईन. संध्याकाळचा सोडला. डॉक्टरबाई शिकलेल्या आहेत, पण ज्यूसवाला दिवसाला शंभर माणसांना पाजतो. मेलं का कुणी?"

मी दारात उभी राहिले आणि त्यांना जाऊ दिलं नाही. पण किती दिवस उभी राहणार? माझ्या प्रार्थनेच्या वेळी दार मोकळंच असतं. म्हणून त्या मंगळवारी मी स्वतःच दुकानात गेले.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. पुढे मिक्सर, बर्फाची पेटी, खाली बादलीत सालांचा ढीग. आत स्टुलावर ज्यूसवाल्याची आई बसून डाळिंबं सोलत होती. तिची बोटं सालीने काळी पडली होती. काउंटरपाशी तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती.

मी म्हटलं, "यांना आता रस देऊ नकोस. डॉक्टरांनी बंद केलाय."

"काकू, डॉक्टरांना गोळ्या खपवायच्या असतात," तो हसत म्हणाला. "काकांच्या अंगातली घाण निघतेय, म्हणून जरा अशक्तपणा. पंधरा दिवस दम धरा, काका शिडीवर उड्या मारतील."

"त्यांची किडनी नीट चालत नाही."

"म्हणूनच तर! बोर्ड वाचा ना, काकांनीच रंगवलाय."

आत बसलेली बाई माझ्याकडे बघून हसली, तेव्हा आपलं बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुम्ही रोज पीत असाल, नाही?"

"छे हो," ती म्हणाली, "मला कुठला चालायला? माझ्या किडनीचं दुखणं आहे ना. डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून हा मला चाखूसुद्धा देत नाही. एकदा चार दाणे तोंडात टाकले तर हातातून ताट काढून घेतलं. फार जपतो मला."

ज्यूसवाल्याने मिक्सर चालू केला. भांडं रिकामं होतं.

माझा आवाज मुळात चढत नाही. लोकांना माझं बोलणं पुढे वाकून ऐकावं लागतं. त्या दिवशी काउंटरवरचे सगळे वाकले.

"मिक्सर बंद कर," मी म्हटलं. त्याने केला. "आईच्या हातातून ताट काढून घेतोस आणि माझ्या नवऱ्याच्या हातात मोठा ग्लास देतोस. सकाळ-संध्याकाळ. तुझ्या आईची किडनी ती किडनी, आणि आमची काय सालांची बादली?"

"काकू, आईची गोष्ट वेगळी. तिचे डॉक्टर..."

"दोन दिवस त्यांच्या छातीला तारा लावल्या होत्या. मी बाजूला बसून पडद्यावरची रेघ बघत होते. तुला ठाऊक होतं की असं होतं. ठाऊक नसतं तर मी तुला अडाणी म्हणून माफ केलं असतं. तू अडाणी नाहीस, तू नीच आहेस."

मी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. आईचे हात थांबले होते. ती मुलाकडे बघत होती.

त्याचा चेहरा उतरला, पण जीभ जागेवर होती. "मी कुणाला बांधून पाजत नाही. आणि लोक येतात ते बोर्ड वाचून. तो कुणी रंगवला?"

हे मला लागलं. घरी येईपर्यंत टोचत राहिलं, कारण त्यात अगदीच खोटं काही नव्हतं.

हे ओट्यावर बसून टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होते. मी सगळं सांगितलं. यांनी एकच विचारलं, "आईला देत नाही?"

"चार दाणेसुद्धा नाहीत."

बराच वेळ यांनी तोच स्वच्छ ब्रश धुतला.

मी म्हटलं, "लोक त्याला ओळखत नाहीत. अक्षर बघून आत जातात. तुम्हीसुद्धा स्वतःचंच अक्षर वाचून गेलात."

"मग काय करू?" हे उसळले. "चाळीस वर्षांचे बोर्ड पुसत फिरू? तो टकलावाला पण पुसू?"

"टकलाने कुणी दवाखान्यात जात नाही. हा एक पुसा."

"गिऱ्हाईकाच्या मजकुराला मी हात लावत नाही."

"नका लावू," मी म्हटलं. "पण मग उद्यापासून मला डोळे मिटून प्रार्थनेला बसता यायचं नाही. मला दारात बसावं लागेल."

यांनी ब्रश फडक्याला पुसून डब्यात उभे केले.

दुसऱ्या दिवशी मी प्रार्थना आटोपून उठले तर हे घरात नाहीत. चपला नाहीत. मी तशीच कोपऱ्यावर धावले. हे शिडीवर होते. डॉक्टरबाईंनी शिडी बंद केली होती, पण वर चढलेल्या माणसाला कुठे ओरडणार? मी खाली जाऊन शिडी धरली.

'किडनी साफ होते' यावर लाल रंग फिरला होता. खालच्या मोकळ्या जागेत खडूच्या रेघा आखून झाल्या होत्या.

ज्यूसवाला कमरेवर हात ठेवून उभा. "काका, मजकूर माझा आहे. असं चालत नाही."

"नाहीच चालत," हे वरून म्हणाले आणि ब्रश रंगात बुडवला.

"मी फ्लेक्स लावीन उद्या!"

आतून आई म्हणाली, "दुकान कुणाच्या नावावर आहे रे? लिहू दे त्यांना." काल दुपारपासून ती मुलाशी बोलली नसावी, असा तिचा सूर होता.

तो थोडा नरमला. "बरं, मग खाली कोपऱ्यात, बारीक लिहा."

यांनी पट्टीने वरच्या ओळीची उंची मोजली आणि तेवढ्याच उंचीची अक्षरं काढली. 'किडनीचा आजार असेल किंवा रोजची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.' दर दोन शब्दांनी थांबत होते. मी शिडी धरून होते आणि वर बघायचं टाळत होते, कारण यांचे पाय थरथरत होते.

रस्त्याने चाललेला एक गृहस्थ थांबला. त्याने सगळा बोर्ड मोठ्याने वाचला आणि ज्यूसवाल्याला विचारलं, "मी रक्त पातळ करायची गोळी घेतो. मला चालेल का?"

ज्यूसवाल्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "विचारून या," तो पुटपुटला.

हे खाली उतरले. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले, प्रत्येक बोर्डानंतर जातात तसे. मीही मागोमाग गेले. डोळे बारीक करून हे बघत राहिले.

"शेवटची ओळ उजवीकडे उतरलीय," म्हणाले. "हात राहिला नाही."

"वाचता येतेय," मी म्हटलं.