हातभर दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. निळा, तिपेडी, अंगठ्याएवढा जाड. माझं एक टोक समुद्राच्या तळाशी खेकड्यांच्या पिंजऱ्याला बांधलेलं असे, दुसरं पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाला. कारखान्यात मला ताणून पाहणारा कामगार म्हणाला होता, "हा तुटायचा नाही." त्याचा मला फार अभिमान होता.

माझे मालक दोघे भाऊ, दादा आणि आप्पा. अकरा वर्षं मी त्यांचे पिंजरे ओढले. एका वादळात आप्पा होडीतून पडला, तेव्हा दादाने मलाच त्याच्याकडे फेकलं. त्या दिवसापासून दादाची बायको, आमच्या वहिनी, मला गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवू लागल्या.

मग कायदा आला. देवमासे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. पिलांना घेऊन ते आमच्या किनाऱ्यावरून जात, त्या तीन महिन्यांत पाण्यात एकही दोर ठेवायचा नाही आणि प्रत्येक दोरावर मालकाचा क्रमांक हवा. मासळी लिलावाच्या शेडमध्ये सभा भरली.

"देवमासे जगवा, पण आम्ही काय वारा खाऊन राहायचं?" आप्पाने विचारलं. मासळीला बर्फ पुरवणाऱ्यानेही मान डोलावली.

मत्स्य खात्याच्या अधिकारी बाई एवढंच म्हणाल्या, "तुमचं नुकसान होणार, हे दिसतंय मला. पण देवमासे संपले तर परत येणार नाहीत."

दादाने सगळे पिंजरे काढले, माझा सोडून. "एकच तर आहे," तो म्हणाला. "एवढ्या समुद्रात कुणाच्या आड येतोय?"

बंदीच्या नवव्या दिवशी एक मादी पिलाला घेऊन आली. मी तिच्या तोंडात अडकलो. तिने अंग वळवलं आणि मी तिच्या पोहायच्या पराभोवती आवळलो. ती जितकी ओढे, तितका मी मांसात रुतत गेलो. मला सुटता येईना. चार दिवस पिलू माझ्या शेजारून पोहत होतं. आप्पाला वाचवणारा तो मीच का, हे मला कळेनासं झालं.

बचाव पथकाने माझ्यावरचा क्रमांक वाचून दादाला बोलावलं. मला पाहताच तो होडीच्या कडेवरून वाकला. मग म्हणाला, "माझाच आहे. सुरी द्या. कुठे कापायचं ते मला ठाऊक आहे."

लांब दांड्याच्या सुरीने तिसऱ्या खेपेला मी तुटलो. ती पिलासह खोल गेली.

दादाचा परवाना वर्षभरासाठी गेला. आप्पा महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. पुढच्या सभेत दादाने मला टेबलावर ठेवलं. माझ्या पेडांत तिची कातडी अडकली होती. कुणी मला हात लावला नाही.

"बंदी राहू द्या," दादा म्हणाला. "पण ते तीन महिने आम्हाला दुसरं काम द्या."

खूप भांडल्यावर ते मिळालं. आता दोघे भाऊ त्या महिन्यांत समुद्रात हरवलेले दोर गोळा करतात.

मित्रांनो, तुम्ही पाण्यात काय सोडलंत, ते विसरू नका. माझा हातभर तुकडा अजून तिच्या जबड्यात आहे, आणि ती कुठे आहे, हे कुणालाच माहीत नाही.