रुळांवरची सावली

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी फार भित्री आहे. तुम्ही म्हणाल, ताडपत्रीला कसली आलीय भीती? मग या माझ्या जागी आणि दिवसभर ताणून उभे राहा! थायलंडमधल्या मे क्लाँगच्या बाजारात आगगाडीच्या रुळांवर सावली धरण्यात माझा अर्धा जन्म गेला. गाडी आली की मला मागे ओढतात, गाडी गेली की पुन्हा पुढे पसरतात. डब्यांच्या लोखंडी पायऱ्या माझ्यापासून वीतभर अंतरावरून जातात. याची सवय होते, असं सगळे सांगतात. मला काही झाली नाही.

माझं सुरुवातीचं आयुष्य मिठाच्या ट्रकवर गेलं. मिठागरातून माल निघाला की मला वर अंथरायचे आणि करकचून बांधायचे. काम खारट होतं, पण सुखाचं होतं. पुढे ट्रकवाल्याने नवी ताडपत्री घेतली आणि मला लमदुआन मावशीच्या हवाली केलं. मावशीने मला कालव्याच्या पाण्यात दगडावर घासघासून धुतलं. माझं दुसरं टोक तिच्या लहानग्या लेकीने, नुचने, धरलं होतं. मावशी वाफवलेले बांगडे विकायची. आमच्याकडे बांगडे मान वाकवून बांबूच्या छोट्या टोपल्यांत बसवतात. त्या टोपल्यांच्या ओळीमागे मला बांधलं, तेव्हा वाटलं, चला, आता उरलेलं आयुष्य माशांच्या वासात निवांत जाईल.

इथून आगगाडी जाते हे मला कोणीही सांगितलं नव्हतं!

पहिल्या दिवशी शिट्टी झाली आणि माझी पाचावर धारण बसली. मावशीने मला खसकन मागे ओढलं, टोपल्या ठेवलेली चाकांची फळी आत ढकलली, आणि ते अगडबंब धूड आमच्या अंगावरून गेल्यासारखं गेलं. मावशी कमरेवर हात ठेवून गाडीच्या चालकाला ओरडली, "अरे मेल्या, कान फाडतोस का माझे? तुझी बायको बहिरी आहे म्हणून सगळ्यांना बहिरं करणार का?" चालकाने हसून हात हलवला. पुढे हे रोजचंच झालं. शिट्टी वाजली की मावशीची शिवी ठरलेली. मला त्या शिवीचा मोठा आधार वाटायचा. तिने शिवी हासडली म्हणजे तिला गाडी कळली आणि सगळं ठीक होणार.

नुच माझ्या सावलीतच मोठी झाली. टोपल्यांच्या मधे बसून अभ्यास करायची, गिऱ्हाईक आलं की पानात मासे बांधून द्यायची. आणि मग एका सकाळी ती म्हणाली, "आई, उद्यापासून मी टोपल्या मांडायला येणार नाही. मला गाईडचं काम मिळालंय."

"म्हणजे काय करणार?"

"पाहुण्यांना बसने आणायचं. सकाळी आपला बाजार दाखवायचा, मग कालव्यावरचा होड्यांचा बाजार, संध्याकाळी परत बँकॉकला."

"बाजारात बसायची लाज वाटते, आणि बाजार दाखवायची वाटत नाही होय?"

"लाज कोण म्हणालं, आई?"

"जा, दाखव. मला मात्र कुणाला दाखवू नकोस. मी काही साखळीला बांधलेलं माकड नाही."

नुच रडत गेली. मावशीही त्या दिवशी बांगड्यांच्या माना जरा जास्तच जोरात वाकवत होती. शेजारी लिंबं आणि मिरच्या विकणारा प्रयून काका म्हणाला, "ताई, आज बांगड्यांपेक्षा तुझंच तोंड वाकडं झालंय." मावशीने त्याच्याकडे लिंबाचं एक साल भिरकावलं.

नुच त्यानंतरही रोजच आमच्या समोरून जायची, पण हातात काठीला बांधलेला कापडी मासा आणि मागे पाहुण्यांचा घोळका घेऊन. "पिशव्या आत, पोट आत, मोबाईल आत," ती त्यांना सांगायची, "आणि गाडी बघून तोंड उघडं पडलं तर जीभसुद्धा आत!" पाहुणे हसायचे. आमचे फोटो काढायचे. माझेसुद्धा काढायचे, बरं का. ठिगळं लावलेल्या म्हातारीचं एवढं कौतुक कशाला, मला कधी कळलं नाही.

आता मला ज्याची खरी भीती वाटत होती, ते सांगते. एके दिवशी शिट्टी झाली आणि मावशीने शिवी दिली नाही. मला वाटलं, कामात असेल. दुसऱ्या दिवशी तिने शिवी दिली, पण इंजिन डोळ्यांसमोर आल्यावर! माझ्या अंगातला एकेक टाका गार पडला. पुढे तर माझ्यावर पावसाचा नुसता धबधबा कोसळत असताना सगळा बाजार ओरडून बोलत होता आणि मावशी मात्र एकटीच हळू आवाजात भाव सांगत होती. तिला पाऊसच ऐकू येत नव्हता.

लमदुआन मावशीचे कान गेले होते, मित्रांनो. आणि हे तिने कुणालाही कळू दिलं नाही. पाहुणे तर बोटांनीच भाव विचारतात, तिथे कानाचं काय काम? ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या ओठांकडे बघून ती उत्तर द्यायची, आणि नाही समजलं तर हसायची. पहाटे मला बांधताना ती एकदा पुटपुटली, "कळलं ना यांना, तर रुळाकाठी बसू देणार नाहीत मला. जागा गेली की मी कुठे बसू गं?" ती माझ्याशी बोलत होती की स्वतःशीच, देव जाणे. मी आपली ऐकत राहिले. मला कान नाहीत आणि मी ऐकते, आणि तिला कान आहेत, तरी काय उपयोग!

तिने एक युक्ती काढली होती. प्रयून काकाच्या छताची दोरी आणि माझी दोरी एका गाठीने जोडलेल्या होत्या. गाडीची सूचना झाली की काका आधी आपलं छत ओढायचा, आणि त्याने ओढलं की माझ्या दोरीला झटका बसायचा. माझ्या दोरीचं टोक मावशी पायाच्या अंगठ्यात अडकवून बसायची. झटका बसला की उठायची, मला ओढायची, फळी आत घ्यायची. लोकांना वाटायचं, म्हातारीची काहीतरी सवय आहे. तिचा सगळा जीव त्या दोरीवर टांगलेला आहे, हे फक्त मला ठाऊक होतं. आणि दोरी तर माझ्यासारखीच झिजलेली! रोज प्रत्येक गाडीला माझ्या मनात एकच यायचं, आज तुटली तर?

दोरी तुटली नाही. झालं ते वेगळंच.

नुच समोरून जाताना रोज हाक मारायची, "आई, जेवलीस का?" मावशी खाली मान घालून टोपल्या लावत असायची. ती काही बोलायची नाही. नुच क्षणभर थांबायची, मग पाहुण्यांकडे वळून जोरात हसायची. मावशी वर बघेपर्यंत लेकीची पाठच दिसायची. एकदा नुच काकाला म्हणाली, "अजून राग गेला नाही हिचा. वर्ष होत आलं."

"तुझीच आई ती," काका म्हणाला. "एकदा रुसली की बाजार उठला तरी उठायची नाही."

मी ओरडून सांगणार होते, अगं नुच, राग नाही गं, कान नाहीत! पण ताडपत्रीला फडफडण्याशिवाय दुसरं काय येतं? मी फडफडले. कुणीतरी म्हणालं, आज वारा फार आहे.

मग एके दिवशी नुच वेळेआधीच आली. तिच्याबरोबर वीसेक पाहुणे होते. तिला आईची समजूत काढायची होती बहुतेक. ती काकाला म्हणाली, "काका, आज आमचं छत मी ओढते. पाहुण्यांना जवळून दाखवते, आणि तिलाही तेवढाच आराम."

काका बरं म्हणाला. तो बिचारा काय बोलणार? नुचने आमची ती गाठ सोडली आणि मला मागे ओढून घेतलं. मावशीच्या अंगठ्यातून दोरी सटकली. मावशी दचकून उठली, घाईघाईने फळी आत ढकलली आणि उभी राहिली. पण गाडी काही आली नाही. तिने वर बघितलं, तर लेक माझी दोरी उंच खांबाला गुंडाळत होती आणि पाहुणे टाळ्या वाजवत होते. मावशीच्या कपाळाला आठी पडली. ती मुकाट्याने बसली. तिच्या अंगठ्यात आता काही नव्हतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता गाडी आली तर हिला कोण सांगणार?

तेवढ्यात मोठी पिशवी पाठीला लावलेला एक पाहुणा फोटोसाठी मागे सरकला आणि त्याची पिशवी फळीला लागली. दोन-चार टोपल्या घरंगळत रुळांच्या मधे पडल्या. मासे खडीत सांडले. तो बिचारा हात जोडून माफी मागू लागला. मावशीने त्याला हातानेच "असू दे" केलं आणि ती स्वतः उतरली. दोन्ही रुळांच्या मधे उकिडवी बसली, स्टेशनाकडे पाठ करून, आणि एकेक बांगडा फुंकर मारून टोपलीत ठेवू लागली.

कर्ण्यावर सूचना झाली. बाजार भराभर मिटायला लागला. काकाने आपलं छत ओढलं, पण आमची गाठ सुटलेली, मला झटका बसला नाही, आणि बसला असता तरी मावशीच्या अंगठ्यात दोरी कुठे होती? नुच पुढच्या दुकानापाशी पाहुण्यांना आत सरकवत होती. शिट्टी वाजली. वळणावर इंजिनाचं तोंड दिसलं.

"ताई! अगं ताई, गाडी!" काका ओरडला.

मावशीने एका माशाची मान पुन्हा नीट वाकवली.

नुचने वळून बघितलं. "आई!" ती ओरडली. "आई, ऊठ! राग नंतर काढ, आधी ऊठ!"

मावशी हलली नाही. चालकाने शिट्टी दाबून धरली होती. गाडी आमच्याकडे हळूच येते, पण हळू येणाऱ्या गाडीलाही थांबायला जागा लागते, आणि ती जागा उरली नव्हती. सगळा बाजार ओरडत होता. मी खांबाला बांधलेली, माझा एक कोपरा सैल सुटलेला, तेवढाच हवेत आपटत होता. मित्रांनो, इतकी भीती मला कधी वाटली नाही. मला वाटलं, या जन्मात मी ज्याला घाबरत आले, ते आज होणार.

आणि नुचने आईचा चेहरा बघितला. तिथे राग नव्हता. म्हातारी निवांत होती. एका माशाला चिकटलेला खडा ती नखाने काढत होती. भोवती आरडाओरडा चाललेला असताना रुसलेलं माणूस इतकं निवांत बसत नाही.

नुचच्या हातून कापडी मासा गळून पडला. तिने धाव घेतली, आईच्या मागे जाऊन तिच्या काखेत हात घातले आणि दोघी टोपल्यांच्या फळीवर जाऊन आदळल्या. गाडी गेली. माझा तो सैल कोपरा डब्याच्या पायरीत अडकला आणि मी मधोमध टर्रकन फाटले. पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी खाली बघत होते. दोघींचे चारही पाय शाबूत होते.

"माझे मासे!" मावशी ओरडली. "अगं ढकलतेस काय अशी? चेंगरले सगळे!" मग तिला गाडीचा शेवटचा डबा जाताना दिसला आणि ती तिकडेच बघत राहिली.

नुचने तिला मागून घट्ट धरलं होतं. "आई," ती कानाशी म्हणाली. "आई," पुन्हा म्हणाली. मग ती उठली, समोर येऊन बसली आणि आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आई, तुला ऐकू येत नाही?"

मावशी तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येतं थोडं थोडं. कधी कधी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू थांबलीस कुठे? रोज येतेस आणि पाठ फिरवून जातेस. मला वाटलं, तूच माझ्याशी बोलत नाहीस."

"मी रोज हाक मारते, आई." नुचच्या डोळ्यांना धार लागली होती. "रोज मारते."

"हो?" मावशी म्हणाली. तिने माशांचा हात कमरेच्या फडक्याला पुसला आणि लेकीचा गाल पुसला. "काय म्हणतेस हाक मारून?"

"जेवलीस का, म्हणते."

मावशीने लेकीचा हात हातात घेतला.

"नाही गं," ती म्हणाली. "नाही जेवले अजून."

होड्यांच्या बाजाराला त्या दिवशी पाहुणे उशिरा पोचले. कुणी तक्रार केली नाही. माझ्या उरलेल्या अर्ध्या तुकड्याखाली मायलेकींनी एका पानातला भात आणि चेंगरलेले बांगडे खाल्ले, आणि काका त्यांना न विचारता लिंबं कापून देत राहिला.

मावशीची जागा गेली नाही. आता गाडीच्या वेळी काका येऊन तिच्या खांद्याला हात लावतो. मला नुचने जाड दोऱ्याने शिवलं आहे. टाके वेडेवाकडे आहेत, पण घट्ट आहेत. मी अजून घाबरते. शिट्टी झाली की अजून माझं काळीज लटपटतं.

मित्रांनो, तुमच्या हाकेला कुणी ओ दिली नाही, तर रागावून पुढे जाऊ नका. दोन पावलं टाका, समोर जाऊन बसा आणि पुन्हा विचारा. मी सगळं जाणत होते, पण मला खांबाला बांधलेलं होतं. तुम्हाला कुणी बांधलेलं नाही.