पट्टी पोचली

प्रयोगशाळेत तिला सगळे पट्टीवाली म्हणत. कागदाच्या बोटभर पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा. पट्टी निळी झाली की त्या रक्तात काविळीचा विषाणू आहे असं समजायचं आणि ते कुणाला चढवायचं नाही. ना वीज लागणार, ना यंत्र, अशी पट्टी ती तिथं बनवत होती. मायदेशी तिची आई ज्या दवाखान्यात नर्स होती तिथं वीज पाहुण्यासारखी यायची, आणि तपासणीचं यंत्र विजेची वाट बघत धूळ खायचं.

देश सोडावा लागला तोही पट्टीपायीच. लढाईत चुकीच्या बाजूच्या जखमींना मलमपट्टी केली म्हणून पोरीचं नाव धरपकडीच्या यादीत गेलं. आईचं गेलं नाही. यादी करणाऱ्यांनाही जखमा होतातच की, त्यांना नर्स हवी होती.

आता गंमत बघा. परक्या देशात एकाच इमारतीत दोन कचेऱ्या, वर शिष्यवृत्तीची, खाली आश्रयाची. दोन्हींचा दरवर्षी फॉर्म, आणि दोन्हींत तोच प्रश्न: 'मायदेशी परत जाणार का?' वर 'हो' लिहिलं नाही तर शिष्यवृत्ती बंद, कारण ती मायदेशाच्या आरोग्यसेवेसाठीच होती. खाली 'नाही' लिहिलं नाही तर आश्रय बंद, कारण परत जाता येत असेल तर इथं कशाला बसलात? चार वर्षं पोरीनं एकाच पेनानं वर 'हो' आणि खाली 'नाही' लिहिलं. पेनाला त्याचं काही वाटलं नाही.

पाचव्या वर्षी दोन्ही मजल्यांचे संगणक जोडले गेले आणि तिचं धाबं दणाणलं. पट्टी तयार व्हायला अजून तीन महिने हवे होते. दोन्हींतलं एक जरी सुटलं, तरी सगळं मुसळ केरात.

तिला जिन्याशेजारच्या खोलीत बोलावलं, तिथं वरच्या बाई आणि खालचे साहेब एकाच टेबलाशी बसले होते. यातलं खरं उत्तर कोणतं, असं साहेबांनी विचारलं.

"दोन्ही," ती म्हणाली. "जायचंय. जाता येत नाही."

साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. एवढ्याशा वाक्यालाही त्यात जागा नव्हती. मग नियम कुणाचा मोठा यावरून दोघांची जुंपली आणि चहा गार झाला. शेवटी बाईंना सुचलं. परत कोण जाणार, हे फॉर्मात कुठं विचारलंय? पट्टी परत जाईल, मुलगी इथं राहील. दोघांनी सह्या ठोकल्या आणि माणुसकीचं काम केल्याच्या आनंदात बिस्किटं मागवली.

पुढं पट्ट्यांचं खोकं मदतसाहित्याबरोबर रवाना झालं, सोबत पोच द्यायचा फॉर्म. महिन्याभरानं आईचा फोन आला.

"पट्टी पोचली गं. काल एकाचं रक्त नको म्हणून सांगितलं, दुसऱ्याचं चढवलं. बाळंतीण वाचली, बाळही वाचलं. फॉर्मवर सही करून दिलीय मी." मग आई म्हणाली, "तू कधी येतेस?"

याच प्रश्नाची तिनं चार वर्षं दोन उत्तरं दिली होती, आणि दोन्ही खरी होती.

"आई, आवाज तुटतोय," ती म्हणाली.

आई तिकडून कितीतरी वेळ हॅलो, हॅलो करत राहिली. इकडं तिला शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येत होता.