हलू नका

आमच्या घरातल्या एकाही फोटोत मी हसताना सापडणार नाही. नवरा फोटोग्राफर असल्याचा हा फायदा! लग्न झाल्यापासून एकच मंत्र ऐकत आले, "सावित्री, हलू नको." अख्ख्या रत्नागिरीला ह्यांनी तेच सांगितलं. पासपोर्ट असो नाहीतर साखरपुडा, "हलू नका" म्हणायचं आणि बटण दाबायचं. ह्यांनी काढलेला फोटो कधी हलत नाही, असं गावभर नाव होतं.

मग ह्यांचा हातच हलायला लागला. गोळ्यांनी कंप थोडा कमी झाला, पण गेला नाही. स्टँड लावला तरी बटण दाबताना हिसका बसायचा. एकदा ओळखीच्याच एका बाईंचा पासपोर्टचा फोटो पुन्हा पुन्हा काढावा लागला. त्या बिचाऱ्या "राहू दे भावोजी, मी उद्या येते" म्हणाल्या आणि समोरच्या स्टुडिओत शिरल्या. ह्यांनी त्याच दिवशी दुकान बंद केलं. कॅमेरा संगमेश्वरच्या एका फोटोग्राफरला द्यायचं ठरवलं. तो रविवारी न्यायला येणार होता. कॅमेरा गेला की हा माणूस खिडकीपाशी बसून संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि मला ह्यांचा भयंकर राग येत होता.

शनिवारी संध्याकाळी मी मुद्दाम म्हटलं, "मिरकरवाड्याला मासळी घ्यायला जातेय. चला तुम्ही. आणि ते धूड पण घ्या गळ्यात, शेवटचं."

"त्यानं काय होणारे?"

"काही नाही. पिशवी धरायला तरी या."

आले. मी बांगडे निवडत होते तेवढ्यात ह्यांनी त्या मावळत्या उजेडात होड्यांचे फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिले आणि तोंड पाडून बसले. सगळे हलले होते. "पुसून टाक," वेदिकाला म्हणाले.

वेदिका आमची मुलगी. ती चित्रं काढते, ज्यांत डोकं कुठे नि पाय कुठे ते कळत नाही. हॉलमध्ये तिचं एक मोठं चित्र टांगलंय, निळे पट्टे आणि त्यांत एक नारिंगी फराटा. आल्यागेल्यासमोर हे तिला विचारायचे, "उलटं तर नाही ना गो लावलंस?" ती म्हणायची, "बाबा, तुम्ही उलटे होऊन बघा."

ती पुसायला बसली आणि एका फोटोपाशी थांबली. तिने स्क्रीन चित्राच्या बाजूला वळवला. मीही पाहिलं. होडी दिसत नव्हती, पाणी दिसत नव्हतं. निळे पट्टे होते आणि थरथरत गेलेली एक नारिंगी रेघ. भिंतीवरही तेच होतं, फक्त ते रंगांनी काढलेलं.

"बाबा, ही थरथर मला ब्रशने जमत नाही. माझा हात फार शिस्तीत चालतो."

"म्हणजे माझा रोग हवाय तुला?"

"आणि नारिंगी बरोबर त्या कोपऱ्यात कोणी ठेवलं? रोगाने?"

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग बाकीचे फोटो पुन्हा बघू लागले. "हा काढ. हा नुसताच हललाय. हा... हा ठेव." त्या आवाजात स्टुडिओतला जुना तोरा होता. मला रडू आलं. बांगडे साफ करायचं निमित्त करून मी आत गेले.

रविवारी संगमेश्वरचा माणूस आला, चहा प्यायला आणि हात हलवत परत गेला.

दुपारी मी खिडकीशी हिरवी साडी घडी करत उभी होते. ह्यांनी कॅमेरा उचलला, शटर मुद्दाम सावकाश ठेवलं. मी सवयीने ताठ झाले, श्वास रोखला.

"सावित्री," हे म्हणाले, "हल की गो जरा!"

तो फोटो वेदिकाने हॉलमध्ये तिच्या चित्राशेजारी लावलाय. सगळा हिरवाच हिरवा. त्यात मी कुठे आहे ते कोणालाच सापडत नाही. पण मी हसतेय त्यात, मला माहीत आहे.