सृष्टीनं काढलेलं पहिलं माणूस

दामिनी रोज सकाळच्या एसटीनं औशाहून लातूरला जायची. तिथं एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची. साडेतीन वर्षांची सृष्टी दिवसभर पार्वतम्माजवळ असायची. पार्वतम्मा ही दामिनीची थोरली जाऊ. तिला मूलबाळ नव्हतं. सृष्टी तिला मोठी आई म्हणायची.

वर्षभर सृष्टीनं फरशीवर खडूनं नुसत्या रेघोट्या ओढल्या. मग वेडेवाकडे गोल आले. एका संध्याकाळी दामिनी दारात चपला काढत होती, तेवढ्यात पार्वतम्मानं तिला हाताला धरून आत नेलं.

"बघ की, माणूस काढलं लेकरानं!"

मोठ्ठं डोकं, त्यात दोन टिपके, आणि डोक्यालाच फुटलेले दोन पाय. मधे पोट-बीट काही नाही.

"हे कोण गं?" दामिनीनं विचारलं.

"मोठी आई."

दामिनी हसली खरी, पण तिच्या काळजाला इंगळी डसली. जन्म मी दिला, आणि पहिलं माणूस हिचं!

रविवारी तिनं सृष्टीला खोलीत घेतलं, दार लोटलं. "हे बघ, आई अशी असती." तिनं खडूनं फरशीवर बाई काढली, तिला साडी, वेणी, बोटंसुद्धा काढली. "आता तू काढ."

सृष्टीनं बराच वेळ बघितलं आणि खडू परत दिला. "मला न्हाई येत. तूच काढ."

त्यानंतर ती खडूला शिवेना.

"लेकराला काही बोललीस का?" पार्वतम्मानं विचारलं.

"मी कशाला बोलू, अक्का? तुमच्यासारखं लाडावत न्हाई, एवढंच."



पुढच्या आठवड्यात दामिनी एक दिवस लवकर घरी आली. पार्वतम्मा फरशीवर मांडी घालून मुद्दाम वाकड्यातिकड्या रेघा ओढत होती. सृष्टी खदखदा हसत होती. "असं न्हाई, मोठी आई!" तिनं खडू हिसकावला आणि पुन्हा तेच डोकं, तेच पाय काढले. पुन्हा मोठी आईच.

दामिनी दारातच थांबली. आपण एवढं सुबक काढलं तर पोरीचा हात आखडला. हिच्या रेघोट्यांनी तो सुटला. तिला ते बघवेना.

पार्वतम्मानं तिला पाहिलं आणि सृष्टीला विचारलं, "आन् तुझी आई कुठाय गं?"

सृष्टीनं शेजारी दुसरं डोकं काढलं. त्याला पाय दिले आणि कानाच्या जागी दोन लांब काड्या. "आईचे हात."

"बघ बाई, मला हातच न्हाईत!" पार्वतम्मा हसली.

दामिनीला बरं वाटलं. एवढ्याशा गोष्टीनं बरं वाटलं, म्हणून लाजही वाटली. ती पिशवी ठेवून खाली बसली.

"अक्का, मलाबी एक खडू द्या."

पार्वतम्मानं सरकून जागा केली.