आडव्यामामाचे पडणे

माझा मामा चार वर्षे कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होता आणि त्या चार वर्षांत त्याने एकही बास्केट केली नाही. तरीही त्याला संघातून कुणी काढले नाही, कारण त्याला पडता येत असे. नियम असा, की बचाव करणारा पाय रोवून उभा असेल आणि चेंडू घेऊन येणारा त्याच्यावर आदळला, तर फाऊल आदळणाऱ्याच्या नावावर लागतो. मामा पाय रोवून उभा राही, समोरचा धावत येई, आणि तो पोहोचण्याच्या निमिषभर आधी मामा वठलेल्या झाडासारखा, हात न टेकता, मागे कोसळे. शिट्टी वाजे. मैदानावर त्याचे नाव ‘आडव्या’ पडले आणि आम्हा भाचरांसाठी तो आडव्यामामा झाला.

अशा माणसाला पुढे गाद्यांच्या दुकानात नोकरी मिळावी, हा नियतीचा खट्याळपणाच म्हणायचा. गिऱ्हाईक गादीची कड बोटाने दाबून पाहत असे. मामा “बोटाने काय कळणार, वहिनी?” असे म्हणून पाठ फिरवी आणि आपला सहाफुटी देह गादीवर सोडून देई. गादी श्वास सोडी, गिऱ्हाईक श्वास रोखून धरी. मी त्याच दुकानात बिले करतो. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. मामाचे ते बेधडक पडणे मी काउंटरमागून, थोड्या असूयेने, पाहत आलो आहे.

जुने मालक थकले आणि दुकान त्यांच्या सुनेने हाती घेतले.

“मामा, तुमचं वय काय आणि हे उद्योग काय?” त्या म्हणाल्या. “उद्या काही मोडलंत तर आमच्या गळ्यात. पुढच्या महिन्यापासून तुम्ही गोदामात बसा.”

“गोदामात गाद्या उभ्या ठेवतात, मालकीणबाई. मी पडू कुठे?”

“पडायचंच नाहीये!” त्यांना हसू आले. काचेपुढच्या सर्वांत महाग गादीकडे त्यांनी हात केला. मांडून मांडून तिची एक बाजू उन्हाने फिकी पडली होती. “ही विकून दाखवा, मग बघू.”

त्या गमतीने म्हणाल्या होत्या. मामा मात्र हसला नाही. त्या दिवसापासून तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याच गादीकडे वळवू लागला, आणि प्रत्येक जण किंमत ऐकून उशी घेऊन परत जाऊ लागला.

महिना सरत आला तेव्हा एक वृद्ध जोडपे आत आले. बाईंची कंबर धरलेली होती. गृहस्थ बुटके, ताठ. त्यांचा हात पुन्हा पुन्हा छातीशी जाऊन काहीतरी शोधी. मामाने पाठ फिरवली आणि तो नेहमीप्रमाणे त्या महाग गादीवर कोसळला.

“आडव्या!” गृहस्थ ओरडले.

मामाने पडल्या पडल्या डोळे उघडले. “पंचसाहेब?”

“अंतिम सामना. शेवटचा क्षण. त्यांच्या त्या उंच गड्याची बास्केट मी रद्द केली, तुझ्या पडण्यावरून. लोक शिव्या देत माझ्या घरापर्यंत आले होते. आता खरं सांग, तो लागला होता तुला?”

“अहो, आपण गादी बघायला आलोय,” बाई स्टुलावर टेकत म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून ऐकतेय. माझी कंबर गेली, पण यांचा सामना काही संपत नाही.”

“तू मध्ये बोलू नकोस. आडव्या, खरं सांगितलंस तर ही गादी घेतो. खोटं बोललास तर निघालो.”

मामा उठून बसला. ‘लागला’ म्हणावे, तर पंच ते खोटे मानून निघून जाणार. ‘नाही’ म्हणावे, तर म्हाताऱ्याची उरलीसुरली झोपही उडणार; मग गादी हवी कुणाला? मालकीणबाई हाताची घडी घालून पाहत होत्या.

“सांगून काय कळणार, साहेब?” मामा गादीकडे पाठ करून उभा राहिला. “तुम्हीच या धावत. ढकला मला आणि तुम्हीच ठरवा.”

पंचांनी चष्मा बाईंच्या हाती दिला. ते उशांच्या मांडणीपर्यंत मागे गेले आणि, त्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने, धावत सुटले. मामा कोसळला. त्याच क्षणी पंचांचा हात सवयीने छातीवरच्या शिट्टीकडे गेला, ती नव्हती म्हणून दोन बोटे तोंडात गेली आणि अशी शिट्टी घुमली, की रस्त्यावरचा एक सायकलवाला ब्रेक दाबून उभा राहिला.

“फाऊल!” पंचांनी स्वतःकडेच बोट दाखवले.

“कसला फाऊल? वीतभर अंतर होतं!” बाई म्हणाल्या. “मी इथे बाजूलाच बसलेय.”

“ढकललं मी, आणि सांगणार तू?”

“तुम्हाला कधी काय कळलंय!”

“लागला म्हणजे लागला! बाजूला बसून काय दिसतं? तेव्हा ओरडणारेही बाजूलाच बसले होते.” हे बोलता बोलता त्यांचा चेहरा असा निवळला, जणू पाठीवरचे ओझे कुणी अलगद उतरवून घेतले होते. ते माझ्याकडे वळले. “करा हो बिल.”

“आणि या गृहस्थांना उठवा,” बाई म्हणाल्या, “मला जरा टेकून बघू द्या.”

मालकीणबाईंनी हाताची घडी सोडली. “हरले बाबा मी. राहू दे ते गोदाम. पण मामा, रोज असंच पडायचं, काय?”

मामाने पडल्या पडल्याच मान डोलावली. तो उठला मात्र नाही. “बघा, विकणाऱ्यालाच सोडवत नाही गादी,” पंच म्हणाले आणि सगळे हसले. मी त्याच्यापाशी गेलो.

“पुरे की नाटक, मामा.”

“म्हाताऱ्याने खरंच ढकललं रे,” तो छताकडे पाहत पुटपुटला. “आख्ख्या कारकिर्दीतला पहिला खरा धक्का. कमरेत उसण भरलीय, हलता येत नाही.”

“मालकीणबाईंना सांगू?”

“वेडा आहेस? हात दे. आणि हसत दे.”

मी चारचौघांत कधी मोठ्याने हसलेलो नाही. त्या दिवशी मी दुकान दणाणून जाईल असा हसलो. मामाही हसला, आणि हसता हसता त्याच्या उंच देहाचा सगळा भार हळूहळू माझ्या खांद्यावर आला. मग त्याने दोन्ही पाय रोवले आणि बाईंसाठी गादी मोकळी करून दिली.