आकडा चढतोय

जावई म्हणाला, "अठरा."
मीटर म्हणत होता, नऊ.
जावई म्हणाला, "बावीस. बाबा, चढतोय."
मीटर म्हणत होता, नऊ.

बाबा, म्हणजे त्याचे सासरे, टेबलापलीकडे मान तिरकी करून बसले होते. त्यांच्या नजरेतलं मधलं गेलं होतं, कडेचं राहिलं होतं. समोरच्याचं तोंड बघायचं तर त्याच्या कानाशेजारी बघावं लागे. मीटरवरचा आकडा मात्र कुठूनही बघितला तरी दिसत नसे. म्हणून आकडे वाचायचं काम जावयाकडे होतं.

"मागे घ्या, मागे घ्या! अगदी केसभर."

जावयाने बारीक स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि काहीच फिरवलं नाही.

"घेतला."

"आता?"

"सव्वीस."

"कमाल आहे," बाबा म्हणाले. आवाजात कौतुक नव्हतं, भीती होती.

*

बायस म्हणजे काय ते ज्याला ठाऊक आहे त्याने हा परिच्छेद ओलांडून जावं. ॲम्प्लिफायरच्या शेवटी दोन दांडगे ट्रान्झिस्टर असतात. एक आवाजाची लाट वर ढकलतो, दुसरा खाली ओढतो. एकाने सोडली आणि दुसऱ्याने अजून धरली नाही, त्या फटीत आवाज खरखरतो. म्हणून गाणं चालू नसतानाही दोघांतून थोडा करंट वाहता ठेवायचा. त्यांना झोपू द्यायचं नाही. हाच बायस. कमी पडला तर आवाज किरकिरतो. जास्त झाला तर ट्रान्झिस्टर तापतो, तापला की आणखी करंट खातो, खाल्ला की आणखी तापतो आणि शेवटी धूर. तो किती ठेवायचा हे एका स्क्रूवर असतं. बाबांच्या हिशेबाने मीटरवर वीस मिलिव्होल्ट दिसायला हवे होते.

वीस लागले की काम संपलं. झाकण लावायचं, स्पीकर जोडायचे, गाणं ऐकायचं. मग जावयाला या घरात यायला कारण उरत नव्हतं.

*

कारण का लागावं? बायको माहेरी आली होती म्हणून.

तो छापखान्यात होता. छापखाना बंद पडला, हे त्याने बायकोला सांगितलंच नाही. सबंध हिवाळा रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, वाचनालयात बसायचा आणि संध्याकाळी "आज मरणाचं काम होतं" म्हणत घरी यायचा. तिला कळलं ते भाजी घेताना, छापखान्यातल्या बाइंडरकडून. ती ओरडली नाही.

"नोकरी गेली त्याचं काही नाही रे. मी रोज विचारत होते, कसा गेला दिवस. आणि तू रोज सांगत होतास."

एवढं बोलून तिने बॅग भरली.

बाबांसोबत ॲम्प्लिफायर बनवायचं काम त्याच्या आधीपासून चालू होतं, म्हणून रविवारचं येणं चालू राहिलं. बाबा म्हणाले होते, "तुमचं भांडण तुमच्यापाशी, ॲम्प्लिफायर टेबलावर." तो आला की ती आतल्या खोलीत जायची. चहा यायचा, आणणारी यायची नाही. दार जरासं उघडायचं, कप पुढे व्हायचा, मागे फक्त मनगट. त्या मनगटासाठी आकडा चढत होता.

*

पहिल्यांदा आकडा चढला तेव्हा बाबा म्हणाले, "ट्रान्झिस्टर खोटा असणार, हल्ली बाजारात सगळं खोटंच." बदलला.

पुढच्या वेळी म्हणाले, "हीटसिंकला नीट टेकलेला नाही." पेस्ट पुसून नवी लावली.

त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी सगळं गणित पहिल्यापासून मांडलं. तोंडी, कारण कागद दिसत नव्हता. गणित बरोबर येई. आकडा चढे.

आज त्यांनी काही सुचवलं नाही. हीटसिंकवर, ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्या ॲल्युमिनियमच्या पंखांच्या तुकड्यावर, तळहात ठेवला आणि बसून राहिले. मग दुसरा तळहात ठेवला. मग दोन्ही एकमेकांवर चोळले.

"आता किती?"

"तीस."

"कटर द्या."

"कशाला, बाबा?"

"तारा तोडतो. पार्ट कुणाला तरी देऊन टाका."

"असं काय करता? होईल की पुढच्या रविवारी."

"नाही व्हायचं." बाबा हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "टेलिफोन खात्यात जन्म काढला हो. डोळे गेले, म्हटलं जाऊ दे, डोकं शाबूत आहे. आता गणित बरोबर येतंय आणि वस्तू ऐकत नाही, म्हणजे डोकंही गेलं. आणि हे बघा." त्यांनी तळहात पुढे केला. "तुम्ही म्हणता तीस. तीसला हे चांगलं कोमट लागायला पाहिजे. मला गार लागतंय. हातसुद्धा गेला. आता मला कुंडीत लावा आणि पाणी घाला."

त्यांनी चाचपडत टेबलावरचा कटर स्वतःच उचलला. पहिली तार बोटांनी शोधली.

आतलं दार उघडलं. या वेळी नुसतं मनगट नव्हतं.

"बाबा? काय झालं?"

जावयाने तिच्याकडे बघितलं. ती उंबऱ्यात उभी होती, ओल्या हातांनी. ती परत आत जाईपर्यंत थांबलं तर तार तुटणार होती. आत्ता बोललं तर तिच्यासमोर बोलावं लागणार होतं.

"नऊ आहे, बाबा."

"काय नऊ?"

"मीटरवर. मागच्या वेळीही नऊच होता. कधीच चढला नाही. चढवत मी होतो. तोंडाने."

कटर तारेवरच थांबला. बाबांनी दुसरा हात हीटसिंकवर ठेवला.

"म्हणजे हे गारच आहे."

"हो."

"म्हणजे माझा हात ठीक आहे."

"हो, बाबा."

बाबा बराच वेळ त्याच्या कानाशेजारी बघत राहिले. जावई म्हणून इतकी वर्षं पाळलेलं 'तुम्ही' त्यांनी तिथेच सोडलं.

"गाढवा. माझ्याच हातावर मला संशय घ्यायला लावलास."

"बाबांनासुद्धा?" ती म्हणाली. एवढंच. मग हात पुसत पुढे आली आणि तिने मीटर उचलून स्वतःकडे वळवला. जावयाला आता त्याची पाठ दिसत होती.

"तू फिरव. मी वाचते."

त्याने फिरवला.

"अकरा. चौदा. हळू. सतरा."

"येतंय," बाबा म्हणाले. "ऊब येतेय."

"वीस. थांब."

तापून स्थिर होईपर्यंत थांबायचं असतं. तिघं थांबले. चहा आला नाही.

"एकवीस. किंचित मागे. वीस."

"नक्की वीस?" त्याच्या तोंडून गेलं.

"का? विश्वास नाही?"

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"आता हा हलू नये म्हणून नेलपॉलिशचा थेंब लागतो," बाबा म्हणाले. "छकू, तुझी बाटली दे."

"तिकडे राहिली."

घरी नाही, तिकडे.

"मी आणतो," जावई घाईने म्हणाला. "आरशाखालच्या खणात आहे."

"आहे अजून?"

"आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आकडा ठरतोय की अजून सरकतोय हे बघायला लागावा तेवढा वेळ.

"किल्ली दे. मी जाऊन बघते."

त्याने दिली. ती चपला घालून जिना उतरली. बाबांचा तळहात अजून हीटसिंकवर होता.

खालचं फाटक वाजलं तेव्हा जावयाच्या लक्षात आलं, ती गेल्यापासून तो खण त्याने उघडलाच नव्हता.

तो उठला तेव्हा खुर्ची आडवी पडली. खिडकीतून अर्धा बाहेर वाकून तो ओरडला, "अगं! माहीत नाही मला! असेल असं वाटलं, बघितलेलं नाही!"

रस्त्यावरच्या दोन-चार माणसांनी माना वर केल्या. ती पाठमोरी, किल्ली मुठीत धरून, जागच्या जागी उभी राहिली.